फोर्कलिफ्ट (गोदामातील)

फोर्कलिफ्ट : दोन पोलादी भुजा पॅलेटखाली घालून माल उचलणारे, हलवणारे व उंचावर रचणारे वाहन. भुजा ‘मास्ट’ या उभ्या चौकटीवर हायड्रॉलिक दाबाने वर-खाली सरकतात. पूर्वरूप म्हणून क्लार्क कंपनीच्या १९१७ मधील ‘ट्रकट्रॅक्टर’चा उल्लेख होतो, मात्र तो केवळ माल वाहून नेई, उचलण्याची सोय नंतर आली. पॅलेटचा सर्रास वापर दुसऱ्या महायुद्धापासूनचा. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात फोर्कलिफ्टचे उत्पादन १९६० च्या दशकात सुरू झाले.

काउंटरबॅलन्स : सर्वांत प्रचलित प्रकार. पुढच्या भाराला मागचे बिडाचे वजन तोलून धरते. विजेवरील यंत्रात जड लेड-ॲसिड बॅटरीही हेच काम करते. पुढचा आस हा टेकू. त्यामुळे क्षमतेचा आकडा एकट्याने पुरेसा नसतो, भारकेंद्राचे अंतरही पाहावे लागते. हे अंतर भुजांच्या उभ्या पाठीपासून मोजतात. १ ते ५ टनांखालील यंत्रांसाठी ते सामान्यतः ५०० मिमी धरतात. समजा, क्षमता १,५०० किग्रॅ असून आसापासून भुजांची पाठ ४०० मिमी पुढे आहे. खोके लांब असल्याने भारकेंद्र ६०० मिमीवर गेले, तर क्षमता १,३५० किग्रॅच उरते. माल उंच गेला किंवा मास्ट पुढे झुकला की ती आणखी घटते. चालकासमोरच्या पाटीवर हे आकडे दिलेले असतात. उलटण्याचे अपघात टाळायचे तर ती पाटी वाचणे अनिवार्य आहे. वळण मागच्या चाकांनी घेतले जात असल्याने यंत्राची शेपटी बाहेर फिरते. ट्रकमधील माल उतरवणे-चढवणे हे याचे मुख्य काम. रॅकमधील वाट साधारण साडेतीन मीटर रुंद लागते, म्हणजे बरीच जागा वाटेतच जाते.

रीच ट्रक : पुढच्या दोन पायांमध्ये मास्ट पुढे-मागे सरकतो. भार उचलल्यावर तो चाकांच्या आधारक्षेत्रात ओढून घेतला जात असल्याने मागे मोठे वजन लागत नाही, यंत्र आखूड होते. वाट पावणेतीन-तीन मीटर पुरते. दहा मीटरहून उंच रॅकही गाठता येते. मात्र चाके लहान व कडक असल्याने फरशी सपाट हवी. जमिनीवर नगण्य वाटणारा उतार मास्टच्या टोकाशी काही सेंटिमीटर होतो. उघड्या अंगणात हे यंत्र निरुपयोगी.

अतिअरुंद वाटेची यंत्रे : भुजा दोन्ही बाजूंना वळतात, यंत्र वळत नाही. वाट पावणेदोन मीटरच्या आसपास. दिशा राखण्यासाठी बाजूच्या पट्ट्या किंवा फरशीत पुरलेली तार लागते.

ऑर्डर पिकर : पॅलेटऐवजी चालक स्वतः मालासह वर जाऊन सुटे नग काढतो. सुरक्षापट्टा आवश्यक.

स्टॅकर व पॅलेट ट्रक : कमी उंचीच्या रचाईसाठी स्टॅकर. हाताने ओढायचा पॅलेट ट्रक माल जमिनीपासून काही सेंटिमीटरच उचलतो. लहान गाळ्यांत तो पुरेसा ठरतो.

साइड लोडर : नळ, लाकडी वासे यांसारखा लांब माल.

ऊर्जा : डिझेल यंत्रे धुरामुळे मोकळ्या जागेत. बंदिस्त गोदामात विजेवरील यंत्रे. लेड-ॲसिड बॅटरीच्या चार्जिंगला बहुधा आठ तास लागतात व त्या वेळी हायड्रोजन सुटत असल्याने हवा खेळती हवी. लिथियम-आयन बॅटरी जेवणाच्या सुट्टीतही थोडी-थोडी चार्ज करता येते.