पुरचुंडीतला गज

वाद्यांचे इतिहास बहुधा जन्मकथेपाशीच थांबतात. कोणी शोधले, कोणत्या साली, पहिला प्रयोग कोठे झाला, एवढे लिहिले की लेखकाचे काम संपते. पुढे ते वाद्य तीस-चाळीस वर्षे वाजले, झिजले, कोणीतरी ते उघडून पुन्हा चालते केले, या भागाला जागा मिळत नाही. मला मात्र हाच भाग अधिक बोलका वाटतो. विजेवर चालणाऱ्या वाद्यांच्या बाबतीत तर विशेषच. अशा वाद्याचा आवाज आतल्या सर्किटमधून निघतो, पण वादकाचा हात पोहोचतो तो केवळ खुंटी, दांडी, कळ किंवा पेडलपर्यंत. आणि बहुधा आधी झिजते तेही हेच.

उदाहरण आपल्या परिचयाचेच घेऊ. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील पुंगी खरी समजणारे लोक आजही भेटतात. प्रत्यक्षात तो आवाज क्लॅव्हिओलाइन या वाद्याचा होता आणि वादक होते कल्याणजी, पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीमुळे घरोघरी पोहोचलेले. फ्रान्समध्ये कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी हे वाद्य १९४७ साली तयार केले. पट्ट्यांची छोटी पेटी, वेगळा लाउडस्पीकर, आणि आवाज लहान-मोठा करण्यासाठी गुडघ्याने सरकवायची दांडी, एवढाच त्याचा संसार. स्वर व्हॉल्व्ह देत, पण तो फुगवणे आणि ओसरवणे हे गुडघ्याचे काम.

विजेच्या वाद्यांतील बहुतेक खुंट्यांच्या पोटात एक साधा भाग असतो. बाजारात त्याला व्हॉल्यूम कंट्रोल किंवा नुसते ‘पॉट’ म्हणतात. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या पट्टीवर कार्बनचा लेप, आणि त्यावरून फिरणारी धातूची जीभ. जीभ जशी सरकेल तसा विजेला होणारा अडथळा कमी-जास्त होतो. वर्षानुवर्षे घासून लेप उडतो, धूळ बसते, आणि खुंटी फिरवली की खरखर ऐकू येते. जुन्या रेडिओमुळे ही खरखर आपल्या सर्वांच्या कानांना ओळखीची आहे. नुसती धूळ असेल तर साफ करणारा द्रव फवारून खुंटी वीस-पंचवीस वेळा फिरवली की भागते. लेपच गेला असेल तर भाग बदलावा लागतो.

येथे घाई नडते. अडथळ्याचा आकडा जुळला म्हणजे भाग जुळला असे नाही. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी त्याची शक्ती सुमारे दहापट वाढावी लागते. म्हणून आवाजाच्या खुंटीतील लेप असा देतात की आरंभी बदल सावकाश व्हावा आणि शेवटी झपाट्याने. त्या जागी सारख्या गतीने चढणारी खुंटी बसवली, तर वाद्य वाजते, पण पहिल्या थोड्याशा फेऱ्यातच आवाज अंगावर येतो. वाद्य दुरुस्त होते, पण वादकाच्या हाताने वर्षानुवर्षे कमावलेला अंदाज फुकट जातो.

हा प्रश्न किती खोल जाऊ शकतो हे पाहायचे तर ‘ओंद मार्तनो’ या फ्रेंच वाद्याकडे वळावे लागेल. ओंद म्हणजे लहरी. मोरीस मार्तनो (१८९८-१९८०) हे मुळात चेलोवादक. पहिल्या महायुद्धात ते बिनतारी संदेशांच्या कामावर होते. दोन लहरी एकमेकींवर आल्या की शिटीसारखा स्वर उमटतो, हे तेथे त्यांच्या कानाने टिपले. याच तत्त्वावर रशियात लेव्ह थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास हात न लावता वाजणारे वाद्य केले होते. मार्तनोंचे वाद्य १९२८ साली पॅरिसमध्ये लोकांसमोर आले. वादकाने उजव्या तर्जनीत अंगठी घालायची. तिला जोडलेली तार पट्ट्यांच्या समोरून डावी-उजवीकडे सरकते आणि स्वर अखंड चढतो-उतरतो. आपल्या भाषेत सांगायचे तर मींड. पुढे पट्ट्याही वाजत्या केल्या, आणि त्या किंचित आडव्या हलतील अशा बसवल्या, म्हणजे स्वराला कंप देता यावा.

पण डाव्या हाताने कळ दाबल्याशिवाय हे वाद्य मुकेच. त्या कळेखाली एक कातड्याची पुरचुंडी असते आणि तिच्यात ग्रॅफाइट व अभ्रक यांची भुकटी. ग्रॅफाइट वीज वाहते, अभ्रक अडवते. कळ जसजशी खोल जाते तसतसे कण जवळ येतात, अडथळा घटतो आणि आवाज वाढतो. निःशब्दतेपासून गर्जनेपर्यंतचा सारा प्रवास बोटाच्या अगदी लहानशा हालचालीत होतो. चेलोवादकाचा गज मार्तनोंनी या पुरचुंडीत उतरवला होता.

आपल्या संगीताशीही या वाद्याचा संबंध आला. ज्या पेटीवर मींड निघत नाही ती हिंदुस्थानी संगीताला पोषक नाही, असे रवींद्रनाथ टागोरांचे मत होते, आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती सत्तरच्या दशकाच्या आरंभी सैल झाली. विठ्ठलराव कोरगावकर आणि रामभाऊ विजापुरे यांची पेटी ऐकलेल्या बेळगावच्या रसिकांना या वादाची धग निराळी सांगायला नको. याच पार्श्वभूमीवर १९३८ च्या सुमारास, टागोर आणि अलँ दानिएलू यांच्या अपेक्षेनुसार, भारतीय श्रुती वाजवता येतील असे एक खास ओंद मार्तनोंनी तयार केले. दानिएलू हे पुढे काशीत राहून आपले संगीत शिकलेले फ्रेंच विद्वान. ऑलिव्हिए मेसियाँ यांच्या ‘तुरंगलीला’ सिंफनीतही हे वाद्य आहे. १९४९ साली बोस्टनमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला तेव्हा ओंद वाजवले ते मार्तनोंची बहीण जिनेत यांनी. तुरंगलीला हे नाव शार्ङ्गदेवांच्या ‘संगीतरत्नाकरा’तील देशी तालांच्या यादीतले.

मार्तनो १९८० साली वारले. १९८८ साली उत्पादनही थांबले. शिल्लक वाद्ये वाजत राहिली आणि झिजत राहिली. व्हॉल्व्ह बदलता येतो, सर्किट कागदावर उतरवता येते. भुकटीचे तसे नाही. कणांचा आकार किती, ग्रॅफाइट किती, अभ्रक किती, यावर कळेचा सारा स्वभाव अवलंबून, आणि हे ज्ञान बहुतांशी करणाऱ्याच्या हातात. १९९७ साली ‘ओंदेआ’ या नावाने असेच वाद्य नव्याने घडवण्याचा प्रकल्प सुरू झाला. २००८ पासून जाँ-लू दिएर्स्टाइन यांनी मार्तनोंच्या मुलाच्या पाठिंब्याने, १९८८ च्या नमुन्यावरून मूळ वाद्य पुन्हा घडवायला घेतले. २०१२ साली कॅरोलिन मार्तेल यांनी ही धडपड माहितीपटात टिपली आहे.

दुसरी वाटही चोखाळली गेली. इंग्लंडच्या रेडिओहेड गटाचे जॉनी ग्रीनवुड यांनी ‘किड ए’ (२०००) मध्ये ओंद वाजवले. जुने नाजूक वाद्य दौऱ्यावर नेणे जोखमीचे. तेव्हा अ‍ॅनालॉग सिस्टिम्स या इंग्रज कंपनीने केवळ अंगठी, पट्ट्या आणि कळ असलेला भाग तयार केला. आवाज दुसऱ्या कोणत्याही सिंथेसायझरचा घ्यावा. म्हणजे आवाज बदलला तरी चालेल, हात तोच हवा!

मग न झिजणारा भागच का बसवू नये? असा भाग नवाही नाही. १९३५ मध्ये बाजारात आलेल्या हॅमंड ऑर्गनच्या आवाजाच्या पेडलमध्ये पुढे असा बदलता कपॅसिटर आला, ज्याच्या पत्र्या एकमेकींना न शिवता सरकतात. घर्षण नाही, म्हणून खरखर नाही. आज प्रकाशावर चालणारे संवेदकही मिळतात. माझा अशा बदलाला विरोध नाही. वाद्य कपाटात शुद्ध राहण्यापेक्षा वाजते राहावे. मात्र बदल असा असावा की उद्या जाणता कारागीर मिळाला तर मूळ भाग पुन्हा बसवता येईल.

आमच्या शाळेतील इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची खुंटी बदलली तेव्हा संगीतशिक्षकांनी जुन्या खुंटीवरचा आकडा आणि अक्षर आधी वहीत उतरवून घेतले, ती फिरवत गेल्यास आवाज कसा चढतो हेही लिहून ठेवले, आणि काढलेली खुंटी चिठ्ठी लावून वाद्याच्या पेटीतच ठेवली. खर्च शून्य, वेळ अर्धा तास. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर जुने रेडिओ, ऑर्गन, तानपुरे पडून आहेत, आणि बाजारपेठेतील दुरुस्तीची दुकाने एकेक करून मोबाइलची होत आहेत. जे जुने कारागीर अजून बसतात, त्यांच्याशी कन्नडमध्ये बोला, मराठीत बोला, पण त्यांच्या हाताला काय ठाऊक आहे ते विचारून लिहून ठेवा. मार्तनोंच्या पुरचुंडीतील प्रमाण कोणी असे वेळीच लिहून ठेवले असते, तर पुढच्या कारागिरांचा शोध कितीतरी सोपा झाला असता.