टाळेबंदी आणि मनाचे आरोग्य

कोरोना विषाणूच्या संसर्गाला आळा घालण्यासाठी २५ मार्च २०२० पासून आपल्या देशात २१ दिवसांची टाळेबंदी लागू झाली आणि ती टप्प्याटप्प्याने ३१ मेपर्यंत वाढत गेली. १२ एप्रिलचा पास्काचा सण आपण घरातच साजरा केला. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, तर मुंबईच्या लोकल गाड्या सर्वसामान्यांना मर्यादित वेळेसाठी मिळू लागल्या त्या १ फेब्रुवारी २०२१ पासून.

हे निर्बंध देहाच्या रक्षणासाठी होते. परंतु त्यांचा भार मनालाही वाहावा लागला. महामारीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंताविकार व नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये जाहीर केले. तरुण व स्त्रिया यांना त्याची झळ अधिक बसली. महामारीची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपली. तथापि दीर्घ आजारपण, विलगीकरण वा वार्धक्य यांमुळे घरात अडकून पडण्याची वेळ कोणावरही येऊ शकते. म्हणून त्या काळाने दिलेले धडे येथे संकलित करीत आहोत.

दिवसाची घडी

कामावर जाणे, शाळा, बाजार, रविवारची मिस्सा यांनी आपल्या दिवसांना व आठवड्याला आकार दिलेला असतो. तो नाहीसा झाला की झोप बिघडते आणि झोपेपाठोपाठ मनही बिघडते. उठण्याची व जेवणाची वेळ कायम ठेवावी. सकाळचे ऊन अंगावर घ्यावे, थोडा व्यायाम करावा. दिवसभर बातम्या पाहत बसू नये; ठरावीक वेळी एक-दोनदा पाहिल्या तरी पुरे. सायंकाळची कौटुंबिक प्रार्थना शक्यतो एकाच वेळी करावी. श्रद्धेच्या आधारासोबत दिवसाला शिस्तही लाभते.

दुरावा व शोक

शारीरिक अंतर राखणे म्हणजे नाते तोडणे नव्हे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना नेमाने फोन करावा. टाळेबंदीत अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती. अनेकांना आप्तांचे अखेरचे दर्शनही घडले नाही. असा शोक मनात साचून राहतो. अशा कुटुंबांनी उशिरा का होईना, स्मरणार्थ मिस्सा व कौटुंबिक मेळावा अवश्य ठेवावा आणि शेजाऱ्यांनी मृताविषयी बोलणे टाळू नये.

दारूचा प्रश्न

दीर्घकाळ नित्य मद्यपान करणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली, तर हात कापणे, भ्रम होणे, फिट येणे असे प्रकार घडू शकतात. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. त्याला कोंडून ठेवू नये वा रागावू नये. त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

साधे दुःख की आजार?

संकटात भीती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उदासी, निरुत्साह, अपराधीपणाची भावना, झोप वा भूक यांतील बिघाड दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकला आणि नित्यकर्मेही होईनाशी झाली, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर औषधे व समुपदेशन हे उपाय उपलब्ध आहेत. 'प्रार्थना कमी पडते' असा ठपका रुग्णावर ठेवणे हा अन्याय होय. मधुमेहासाठी आपण प्रार्थनाही करतो आणि गोळीही घेतो. मनाच्या आजारालाही तोच न्याय लावावा.

मरणाची भाषा कोणी बोलू लागला, तर ती धमकी समजून दुर्लक्षू नये. शांतपणे ऐकावे, स्पष्ट विचारावे, त्याला एकटे सोडू नये. १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेत हेतुपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या संहितेत ती राहिली नाही. तीव्र मानसिक व्याधीमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होते, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

मदत कोठे मिळेल?

केंद्र शासनाची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते व मराठीतूनही बोलता येते. शासकीय जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी.

आपल्या वाडीत, आपल्या आळीत ज्यांचे दार बरेच दिवस बंद दिसते, त्यांची आज विचारपूस करावी, ही वाचकांना आमची विनंती.