रॉक मशीन ते इंडस क्रीड : मुंबईतील एका रॉक बँडचे नामांतर व बदलते संगीत (१९८४ ते २०१२)

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात नाट्यसंगीत, भावगीत, लावणी, शाहिरी आणि आंबेडकरी जलसा यांविषयी विपुल लेखन झालेले आहे. मुंबईत इंग्रजी भाषेतून निर्माण झालेल्या रॉक संगीताची नोंद मात्र मराठी इतिहासलेखनात क्वचितच आढळते. भाषा परकी आणि वळण पाश्चात्त्य, तेव्हा ते 'आपले' नव्हे, अशी समजूत त्यामागे असावी. लातूर-नांदेड परिसरात तर 'बँड' म्हटले की वरातीपुढील बँडपथकच डोळ्यांसमोर येते. प्रस्तुत लेखात 'रॉक मशीन' आणि पुढे 'इंडस क्रीड' या नावाने ओळखल्या गेलेल्या बँडची वाटचाल तपासली आहे. हा बँड हळूहळू पाश्चात्त्य अनुकरणाकडून भारतीयत्वाकडे गेला, असे त्याच्या नावावरून सहज वाटते. घटनाक्रम पाहता ही मांडणी पुरेशी ठरत नाही.

अनुकरण आणि स्वनिर्मिती :
१९७० व १९७१ साली 'सिमला बीट' या स्पर्धेतून देशभरातील तरुण वाद्यवृंद पुढे आले. स्पर्धेची प्रायोजक एक सिगारेट कंपनी होती, ही बाब बोलकी आहे. या संगीताला ना राजाश्रय होता, ना चित्रपटसृष्टीचा आधार. श्रोत्यांना परदेशी गाणी हुबेहूब ऐकायची असत. १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'रॉक मशीन'चा आरंभही याच परिपाठात झाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, मार्क सेल्विन, मार्क मेनेझेस, जयेश गांधी, झुबिन बलपोरिया ही या बँडशी जोडलेली प्रमुख नावे. केवळ आडनावे वाचली तरी मुंबईच्या संमिश्र समाजाचे दर्शन घडते.

स्वतः रचलेल्या गाण्यांचा संग्रह काढणे हे या बँडने उचललेले धाडसी पाऊल होय. 'रॉक एन रोल रेनेगेड' (१९८८) हा पहिला आणि 'द सेकंड कमिंग' (१९९०) हा दुसरा संग्रह. परदेशी वाद्यांवर जबर आयातशुल्क होते आणि ध्वनिमुद्रणाची व्यवस्था मुख्यतः चित्रपटसंगीताच्या गरजेनुसार उभारलेली होती, हे लक्षात घेतल्यास या संग्रहांचे मोल कळते. पहिल्यात गिटारचा कणखर, आक्रमक नाद प्रधान आहे. दुसऱ्यात रचना अधिक रेखीव झाल्या आहेत.

नामांतर :
१९९३ मध्ये बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. इंडस म्हणजे सिंधू आणि क्रीड म्हणजे श्रद्धा वा पंथ. यंत्राचे नाव टाकून नदीचे नाव घेणे हा निर्णय अर्थपूर्ण आहे. मराठवाड्यातील वाचकाला 'नामांतर' हा शब्द हलका वाटणार नाही. १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत येथील दलित समाजाने एका नावासाठी घरे जळताना पाहिली. त्या लढ्याशी एका बँडच्या नावाची तुलना होऊ शकत नाही. तरीही नाव बदलताच आशय बदलतो काय, हा प्रश्न येथेही विचारता येतो.

त्याचे उत्तर 'प्रिटी चाइल्ड' या गाण्यात सापडते. १९९३ सालचा एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार या गाण्याच्या चित्रफितीला 'इंडस क्रीड'च्या नावाने मिळाला. गाणे मात्र 'द सेकंड कमिंग'मधले, म्हणजे 'रॉक मशीन'च्या काळातले होते. नव्या नावाची कीर्ती जुन्या संगीतावर उभी राहिली. मधल्या काळात बदलले होते ते माध्यम. १९९१ मध्ये स्टार टीव्हीच्या उपग्रह वाहिन्या आल्या आणि मुंबईचा बँड हाँगकाँग-सिंगापूरच्या श्रोत्यांसमोर उभा राहिला. अशा श्रोत्यांपुढे 'आम्ही कोठले' हे सांगणे भाग पडते; मुंबईतल्या मंचावर त्याची आवश्यकता नव्हती. १९९५ च्या 'इंडस क्रीड' या संग्रहात भारतीय वळणाला जागा मिळाली ती या टप्प्यावर. गीतांची भाषा इंग्रजीच राहिली आणि रचनेचा कणाही गिटार व ड्रम हाच राहिला.

माध्यमाने संगीत बदलणे ही रॉकपुरती घटना नव्हे. स्वस्त कॅसेटमुळे प्रल्हाद शिंदे यांचा आवाज गावोगावी पोहोचला, आणि पुढच्या पिढीतील आनंद व मिलिंद शिंदे यांच्या गायनात कॅसेटच्या बाजाराला साजेसा ठेका आला. तेथे श्रोता गावागावांत होता. 'इंडस क्रीड'चा श्रोता मोजक्या महानगरांत होता, आणि हेच या बँडचे दुखणे ठरले.

विभाजन आणि पुनरागमन :
१९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया'ने हिंदी पॉपची बाजारपेठ सिद्ध केली. कंपन्यांचे लक्ष तिकडे वळले. १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला. बेनेगल व गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये 'आम्स फॉर शांती' हा नवा बँड स्थापन केला, आणि तेथे हिंदी शब्द व भारतीय ताल यांचा वापर पूर्वीपेक्षा कितीतरी मोकळेपणाने झाला. मायदेशी जे अवघड वाटले ते परदेशात सहज साधले, ही गोष्ट स्थलांतरितांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना नवी वाटणार नाही.

२०१० मध्ये 'इंडस क्रीड' पुन्हा एकत्र आला. बेनेगल, तिनईकर व बलपोरिया यांच्यासोबत बासवर रशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे तरुण वादक होते. दरम्यान रॉक रसिकांचे धोबीतलावचे खुले रंगभवन शांतता क्षेत्राच्या निर्बंधांमुळे मुके झाले होते आणि हे संगीत बंदिस्त क्लबांत गेले होते. २०१२ च्या 'इव्हॉल्व्ह' या संग्रहात रचना लांबल्या, नाद पुन्हा गडद झाला, आणि भारतीयत्वाची निशाणी म्हणून ओळखता येईल असे फारसे काही उरले नाही. नावात सिंधू मात्र कायम राहिली.