किती सीसी? भीमथडीच्या हिशोबात

मंडळी, आमच्या सांगोल्यात नवी गाडी दारात उभी राहिली की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, "किती सीसी?" (मायलेज वडील विचारतात.) आणि चार-सहा जण मिळून मिरजेकडे नाहीतर पंढरपूरला निघाले की वाद ठरलेला. बुलेटवाला म्हणतो, इंजिन मोठं तोच पुढं. शंभर सीसीवाला म्हणतो, गाडी काय करते, चालवणाऱ्यात दम पाहिजे. या वीकेंडला या वादाचा जरा इतिहास बघू.

आधी आकडे, त्याशिवाय इंजिनिअरला चैन पडत नाही. जुनी बुलेट ३४६ सीसी, ताकद साधारण १८ हॉर्सपॉवर, वजन १६० किलोच्या वर. १९८५ साली आपल्याकडे आलेली यामाहा आरएक्स १०० म्हणजे ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन १०० किलोच्या आसपास. सीसी साडेतीन पट, पण किलोमागे ताकद जवळजवळ सारखीच! तेव्हा नुसत्या सीसीवर भांडण्यात अर्थ नाही. मग उरला तो चालवणारा. त्याचा हिशोब तीनशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलुखात घोड्यांवर मांडून झालाय.

१६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती. सांगोल्यातून सकाळी निघालात तर नाश्त्याला पोचाल. तिथे उंच तुर्की-अरबी घोडे, चिलखतं, तोफा, तंबू, अख्खा बाजार. मराठ्यांच्या बहुतेक स्वारांकडे भीमथडीची तट्टं. उंचीला बेताची, पण काटक, मिळेल त्या चाऱ्यावर चालणारी.

१६९५ च्या नोव्हेंबरात या छावणीतून निघालेले सरदार कर्नाटकात चित्रदुर्गाकडे कासिमखानाला जाऊन मिळाले. संताजी घोरपड्यांनी आपल्या फौजेचे तीन भाग केले. एकाने पुढे पाठवलेल्या तंबूंवर झडप घातली, दुसऱ्याने मदतीला धावलेल्यांना गुंतवलं, तिसरा राखीव. मोगल दोड्डेरीच्या गढीत कोंडले गेले, कासिमखान तिथेच मेला. बाकीचे खंडणी देऊन सुटले.

इथे शंभर सीसीवाले टाळ्या वाजवतील. थांबा! तट्टू लहान होतं म्हणून काही संताजी जिंकले नाहीत. घोडे साधारण एका चालीचे होते, ओझं कमी होतं, आणि कुणी कुठं राहायचं हे प्रत्येक तुकडीला ठाऊक होतं.

पुढचं ऐका. हेच संताजी, त्या काळातला पहिल्या नंबरचा स्वार. शिस्त भयंकर कडक. धनाजी जाधवांशी बिनसलं आणि त्यांची बरीचशी माणसं त्यांना सोडून धनाजींकडे गेली. जून १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात म्हसवडच्या नागोजी मान्यांनी त्यांना गाठून मारलं. म्हसवड आपल्याच माण नदीवर, सांगोल्याच्या वरच्या अंगाला. घोडा तोच, कौशल्य तेच, पण मागे बघितलं तर ग्रुपच नाही.

दुसरी बाजूही सांगोल्यातूनच जाते. १७५० साली यमाजी शिवदेवांचं सांगोल्यातलं बंड मोडायला सदाशिवरावभाऊ रामराजे छत्रपतींना घेऊन इथे आले. इथेच सांगोल्याचा करार झाला आणि सत्ता पेशव्यांच्या हाती गेली. दहा वर्षांनी हेच भाऊ उत्तरेला निघाले. सोबत इब्राहिमखान गारद्याचा जबरदस्त तोफखाना, म्हणजे त्या काळचं सगळ्यात मोठं इंजिन. पण सोबत बायकापोरं, यात्रेकरू आणि बुणगेही. मार्च १७६० ला निघालेली फौज दिल्लीत पोचली ऑगस्टमध्ये (नद्यांच्या पुरानेही अडवलं). पुढे पानिपतात दाणावैरण तुटली तेव्हा एवढ्या लोकांना घेऊन निसटताही येईना. उलट मार्च १७३७ मध्ये बाजीरावांनी जड सामान बुंदेलखंडात ठेवलं आणि मोगल फौजांना बगल देऊन थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभे राहिले.

म्हणजे काय, तर ग्रुपचा वेग सगळ्यात मोठं इंजिन ठरवत नाही आणि सगळ्यात पट्टीचा स्वारही ठरवत नाही. तो ठरवतो शेवटचा गडी. आमच्या धंद्यात याला बॉटलनेक म्हणतात.

आता गाड्यांवर या. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पुढच्याने थोडा वेग कमी केला की मागचा जरा जास्त करतो, त्याच्या मागचा त्याहून जास्त. शेवटच्याला करकचून ब्रेक लागतो, आणि मग पडलेलं अंतर तोडायला तो १०० ला नेतो. पुढच्याला हे कळतही नाही, तो आपला ८० वर गाणं म्हणत चाललेला असतो. आणि हा शेवटचा बहुतेक वेळा सगळ्यात नवशिका आणि सगळ्यात लहान गाडीवर असतो. रत्नागिरी-सोलापूर रस्ता मोठा झाल्यापासून तर तो पिळायला आणखी मोकळा. कुठे उसाचा ट्रॅक्टर आडवा आला की संपलं. घरी सांगायला जायचं कुणी?

म्हणून नवशिका दुसऱ्या नंबरला, वेग त्याच्या गाडीचा. शेवटी सगळ्यात मुरलेला, मग त्याच्याकडे ६५० असली तरी. आणि फाटा आला की पुढच्याने थांबायचं, शेवटचा दिसेपर्यंत. तेवढ्या वेळात चहा होतो.

असो. सीसी विचारायचे असतील तर जरूर विचारा. फक्त निघताना आणखी एक विचारा, "शेवटी कोण हाय रं?"