शिष्यवृत्ती जास्तीची जमा झाली? वसुलीचं पत्र आलं? आधी हे वाचा

भंडारा : खात्यात शिष्यवृत्ती जमा झाल्याचा मेसेज आला की घरात आनंद होतो. मग वर्ष-दोन वर्षांनी कॉलेजातून किंवा कार्यालयातून पत्र येते, ‘आपणास जादा रक्कम अदा झाली आहे, ती परत भरावी.’ तोवर पैसे मेस, पुस्तकं, एसटीचा पास यात गेलेले असतात. अशा वेळी काही पालक घाबरून मागतील तेवढे भरतात, तर काही जण पत्र फाडून टाकतात. दोन्ही चूक. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर तालुक्यातील विद्यार्थी व पालकांसाठी ही माहिती.

पैसा जास्तीचा कसा जातो?

१) वसतिगृह की घरून ये-जा : अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत दोघांचे दर वेगळे आहेत. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार व्यावसायिक पदवी गटात वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये, तर घरून ये-जा करणाऱ्याला ७,००० रुपये मिळतात. अकरावी-बारावीच्या गटात हेच दर ४,००० आणि २,५०० रुपये आहेत. मोहाडीहून रोज एसटीने भंडाऱ्याला जाणाऱ्या पोराच्या अर्जात नेट कॅफेवाल्याने ‘वसतिगृह’ टिचकवलं, तर व्यावसायिक पदवीला वर्षाकाठी ६,५०० रुपये जास्तीचे जातात.

२) दोन लाभ एकाच वेळी : शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला की स्वाधार योजनेचा लाभ घेता येत नाही. वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठीच ती योजना आहे. आधी स्वाधार मंजूर झालं, मग वसतिगृह मिळालं आणि कळवायचं राहून गेलं, की वसुली निघते.

३) मधेच शिक्षण सोडणे : वर्ष चालू असताना कॉलेज सोडलं तर राज्य शासन रक्कम परत मागू शकते, अशी मॅट्रिकोत्तर योजनेत अटच आहे. लग्न झालं, कामाला पुण्याला गेला, दुसरीकडे ॲडमिशन घेतली, कारण काहीही असो, कॉलेजला लेखी कळवा.

४) उत्पन्नाचा दाखला : मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांची उत्पन्न मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. पडताळणीत उत्पन्न जास्त निघालं तर फक्त फरक नाही, पूर्ण रक्कम मागितली जाऊ शकते.

५) आधारची गडबड : थेट लाभाचा पैसा आधार ज्या बँक खात्याला जोडलेलं आहे तिकडे जातो. चुकीच्या आधार जोडणीने दुसऱ्याचाच पैसा आपल्या खात्यात आला, तर तो आपला होत नाही.

सगळा पैसा आपला नसतो

आपल्याकडे सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के, असा वाटा ठरवला. २०२१-२२ पासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येऊ लागला. त्या रकमेत विद्यार्थ्याचा भत्ता असतो, तशी कॉलेजची फीसुद्धा असते. फीचा भाग पैसे आल्यापासून ७ दिवसांत कॉलेजला भरायचा असा नियम आहे.

घरात मात्र ‘शिष्यवृत्ती आली’ एवढंच कळतं. धानाचा चुकारा अडकलेला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. पैसा खर्च होतो आणि पुढे कॉलेज फी मागतं. ही रक्कम शासनाकडून चुकून आलेली नसते, पण आपलीही नसते. म्हणून पैसे आले की त्याच आठवड्यात कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाकडे जाऊन ‘यात फी किती, भत्ता किती’ हे लिहून घ्या. फी भरली की पावती घ्या.

फी थकली म्हणून मूळ कागदपत्रं अडवणं योग्य नाही. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार कॉलेजने विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं स्वतःकडे ठेवून घ्यायची नाहीत.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकून मिळालेला पैसा परत करावा लागतो. चूक कार्यालयाची असली तरी देणं आपोआप माफ होत नाही. मात्र चूक कोणाची, यावर पुढची कारवाई ठरते. खोटी माहिती देऊन लाभ घेतला असेल तर शिष्यवृत्ती रद्द होते, रक्कम वसूल होते आणि विद्यार्थी काळ्या यादीत जातो, त्याला पुढे कोणतीच शिष्यवृत्ती मिळत नाही. स्वाधारमध्ये खोट्या कागदपत्रांवर घेतलेली रक्कम १२ टक्के व्याजासह वसूल करण्याची तरतूद आहे. म्हणून आपली चूक नसेल, तर तसं लेखी नोंदवून ठेवणं महत्त्वाचं.

गावातल्या दोन अफवा

‘तीन वर्षं झाली, आता काही करू शकत नाहीत.’ – चुकीचं. तीन वर्षांची मुदत खासगी दाव्यांना लागते. शासनाच्या दाव्याला मुदत कायद्यात ३० वर्षं आहेत.

‘सुप्रीम कोर्टाने वसुली बंद केली.’ – अर्धवट. १८ डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह निकाल सरकारी कर्मचाऱ्यांच्या जास्तीच्या पगाराबाबत आहे. वर्ग तीन-चारचे कर्मचारी, निवृत्त लोक यांना त्यात दिलासा मिळाला. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला तो थेट लागू होत नाही.

पत्र आलं तर काय करायचं?

१) पत्र खरं आहे का ते बघा. जावक क्रमांक, तारीख, सही, शिक्का पाहा आणि कार्यालयात जाऊन खात्री करा. अनुसूचित जातीच्या योजनांसाठी सहायक आयुक्त, समाज कल्याण; ओबीसी, व्हीजेएनटीसाठी इतर मागास बहुजन कल्याण कार्यालय; आदिवासी विद्यार्थ्यांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय.

२) हिशोब मागा. कोणतं वर्ष, कोणता हप्ता, किती मिळायला हवं होतं, किती मिळालं, फरक किती. वसतिगृह आणि ये-जा यांचा घोळ असेल तर फरकच मागायला हवा, पूर्ण रक्कम का मागता ते विचारा.

३) पासबुकाची नोंद आणि महाडीबीटीवरील अर्जाची प्रिंट शेजारी ठेवून जुळवा. कागदावर मंजूर दिसलेला हप्ता कधी कधी खात्यात आलेलाच नसतो.

४) उत्तर लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही. हिशोब दिला जात नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं.

५) रक्कम खरी निघाली आणि एकदम भरणं जमत नसेल, तर हप्ते किंवा मुदत मागणारा अर्ज करा. परिस्थितीचा पुरावा जोडा. देणं कार्यालयाच्या हातात आहे, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

६) पैसे कोणाच्या हातात रोख देऊ नका. पत्रात सांगितलेल्या पद्धतीनेच, शासकीय चलन किंवा डिमांड ड्राफ्टने भरा. भरल्यावर ‘वसुली पूर्ण’ असं पत्र मागून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षीचा अर्ज अडकतो.

७) अन्याय होत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

मागितलं म्हणजे बरोबरच असतं असं नाही

ऑस्ट्रेलियात २०१५ नंतर सरकारने संगणकावर उत्पन्नाची सरासरी काढून लाखो लोकांना जास्तीचा भत्ता परत भरण्याच्या नोटिसा पाठवल्या. त्यात शिकणारी मुलंही होती. पुढे ती पद्धतच बेकायदेशीर ठरली आणि सरकारला वसूल केलेले पैसे परत करावे लागले. हिशोब मागणं म्हणजे उद्धटपणा नाही.

फसवणुकीपासून सावध

‘तुम्हाला शिष्यवृत्ती जास्त गेली, या नंबरवर फोन-पे करा, नाहीतर केस होईल’ असा फोन आला तर बंद करा. शासकीय वसुली खासगी मोबाइल नंबरवर होत नाही. ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

यंदा अर्ज भरताना

‘सबमिट’ करण्याआधी वसतिगृहाचा रकाना, अभ्यासक्रम, वर्ष आणि उत्पन्न स्वतः वाचा, केंद्रचालकावर सोडू नका. आधारला कोणतं बँक खातं जोडलेलं आहे ते आधारच्या संकेतस्थळावर तपासा. अर्जाची प्रिंट, फीच्या पावत्या आणि दाखले शिक्षण संपल्यावरही काही वर्षं जपून ठेवा. आणि खात्यात अंदाजापेक्षा जास्त पैसे दिसले तर खर्च करण्याआधी कॉलेजात विचारा. आज एक चक्कर पडेल, पण उद्या उसनवारी करून पैसे भरण्याची वेळ येणार नाही.