काडतुसाची पितळी पुंगळी : एक उपेक्षित इतिहास



काडतुसाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे १८५७ च्या चरबीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ते काडतूस कागदाचे होते. मला आज बोलावयाचे आहे ते त्यानंतरच्या पितळी काडतुसाविषयी, आणि त्यातही एका मापाची पुंगळी दुसऱ्या मापाची करून घेण्याच्या विद्येविषयी.

काडतुसाच्या पितळेत सुमारे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असते. हे पितळ थंड असताना ठोकले वा ओढले की कठीण होते, आणि तापविले की पुन्हा मऊ पडते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिराला हे कोणी शिकवावे लागत नाही. पुंगळीचे माप बदलताना हेच करावयाचे असते : मान तापवून मऊ करावयाची, पोलादी साच्यात दाबून अरुंद करावयाची, वाढलेली लांबी छाटावयाची. बूड मात्र तापवावयाचे नाही. स्फोटाचा दाब त्यालाच सोसावा लागतो. ते मऊ पडले तर बंदूक आणि बंदूकधारी, दोघांचीही धडगत नसते.

कारखानदारांनीही नवी काडतुसे जुन्यांतूनच जन्माला घातली. १८७१ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसाला .५७७/.४५० म्हणत. स्नायडर बंदुकीची .५७७ ची पुंगळी लांबवून तिची मान .४५० वर आणली होती. वंशावळ नावातच आहे. आरंभी ही पुंगळी म्हणजे पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी होती. सुदानच्या मोहिमेत, १८८५ साली, ती ऐन लढाईत बंदुकीत अडकून बसली, आणि मग ओढीव पितळेची अखंड पुंगळी आली.

याच .४५० ने पुढे सरकारची झोप उडविली. शिकारी काडतुसांतील गोळ्या काढून बंडखोर त्या मार्टिनी बंदुकांत वापरतील, या भयाने १९०७ मध्ये हिंदुस्थानात त्या मापाच्या शिकारी बंदुका आणण्यावर बंदी आली. ज्या प्रजेवर १८७८ च्या शस्त्रकायद्याने आधीच परवान्याचे जोखड लादले होते, तिची ही धास्ती! विलायती बंदूककारांनी मात्र डोके खाजवीत वेळ दवडला नाही. हॉलंड अँड हॉलंड यांनी त्याच वर्षी .५००/.४६५ बाजारात आणले; .४७० हेही .५०० चीच मान आवळून केलेले. साहेबाची हत्तीची शिकार अबाधित राहिली. कायदा पितळेला लागू होता की माणसाच्या वर्णाला, हा प्रश्न मला तरी पडतो. सैन्याचे .३०३ हे मापही सामान्य परवानाधारकाला वर्ज्यच होते, म्हणून त्याच्यासाठी.३१५ ची बंदूक आली, आणि तिची काडतुसे पुढे आपल्या खडकीच्या कारखान्यातही बनू लागली. तो कारखाना १८६९ चा.

पितळेने सैन्याला आणखी एक धडा दिला. हिंदुस्थानातील पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न वापरताच तडकत. दोष हवेचा, की धातूचा? १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचा उलगडा केला : घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा, आणि थंड अवस्थेत आवळलेल्या पितळेत कोंडून राहिलेला ताण. यांवर उपाय तांबटाचाच, बेताने तापविण्याचा. लष्करी पुंगळीच्या मानेजवळ आजही जो निळसर-करडा पट्टा दिसतो, तो त्याच आंचेचा.