भंडारा १९५४ : विडीचा करार, दुसरे मत आणि एक पराभव

मे १९५४. भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीचा निकाल लागला आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष लोकसभेच्या दारातून दुसऱ्यांदा परत फिरले. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यात हरले, एवढी एक ओळ आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. ती पोटनिवडणूक मुळात का घ्यावी लागली, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. त्याचे उत्तर सैनिकांसाठी खरेदी केलेल्या विड्यांच्या एका सरकारी करारात सापडते. आजचा धागा तिथून सुरू करू.

आधी नकाशा नीट लावून घ्यावा लागेल. १९५४चा भंडारा महाराष्ट्रात नव्हता. तो तेव्हाच्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. गोंदिया हा वेगळा जिल्हा १९९९ साली झाला. तोवर तो भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. तलावांचा, धानाचा आणि तेंदूच्या जंगलांचा हा मुलूख. मालगुजारी १९५१ साली कायद्याने संपली, पण मालगुजारांनंतर गावातला पैसा कोणाच्या हाती राहिला, हे पाहायचे असेल तर विडीच्या धंद्याकडे पाहावे लागते.

उन्हाळ्यात जंगलातून तेंदूपत्ता तोडायचा, वाळवायचा, भिजवायचा, मापाने कापायचा, तंबाखू भरून वळायचा आणि दोऱ्याने बांधायचा. हे सगळे हातांनी, बहुतांशी घराच्या ओसरीवर, आणि त्यांतले कितीतरी हात बायकांचे. कारखानदार आणि कामगार यांच्यामध्ये सट्टेदार उभा. तो पान-तंबाखू देणार, विड्या मोजून घेणार आणि नापास विड्या बाजूला काढणार. नापास विडीची मजुरी नाही. कारखानदाराला आपल्या कामगाराचे नावही ठाऊक असण्याची गरज नव्हती, आणि या धंद्याचा नफा नेमका त्या अनोळखीपणात होता असे माझे मत आहे.

या धंद्यावर सरकारचा हात पडायचा तेव्हा तो कोणाच्या पाठीवर पडायचा? १९४८ साली मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने एक कायदा केला. शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विड्या वळण्यास बंदी घालण्याचा अधिकार त्याने जिल्हाधिकाऱ्याला दिला. हेतू उघड होता : शेतीला मजूर कमी पडू नयेत. म्हणजे धान लावण्याच्या दिवसांत ओसरीवर बसून चार पैसे मिळवणाऱ्या बाईने ते सोडून बांधावर जावे, असे सरकारने ठरवायचे. तिला बांधावर किती मजुरी मिळेल, हे ठरवायचे नाही. सागर जिल्ह्यातल्या एका कारखानदाराने आणि एका विडी कामगाराने त्याला आव्हान दिले. शेतीशी ज्यांचा संबंधच नाही अशा म्हाताऱ्या-अपंग माणसांनाही ही बंदी लागू होते, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली ती रद्द केली. ‘चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश’ हा निकाल आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला व्यवसायस्वातंत्र्याचा धडा म्हणून शिकवला जातो. त्यात कारखानदार आणि कामगार एका बाजूला उभे दिसतात. मालकाचे स्वातंत्र्य आणि मजुराचे स्वातंत्र्य त्या दिवशी एकाच अर्जात मावले, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे.

आता १९५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. भंडारा हा द्विसदस्यीय मतदारसंघ होता : एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले, राखीव जागेवर तुलाराम साखरे. जसानी हे मूलजी सिक्का आणि कंपनी या विडीच्या पेढीचे भागीदार होते, आणि ही पेढी सैन्याच्या कँटीन स्टोअर्सला विड्या पुरवत होती.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ७(ड). सरकारला माल पुरवण्याच्या करारात ज्याचा हितसंबंध आहे, तो कायदेमंडळाचा सदस्य होण्यास अपात्र. तरतूद जुनी आहे. ब्रिटिश संसदेने १७८२ सालीच सरकारी कंत्राटदारांना सभागृहाबाहेर काढणारा कायदा केला होता, कारण ज्याचे बिल राजाच्या खजिन्यात अडकले आहे तो राजाला प्रश्न विचारणार नाही, हे तिथल्या लोकांनी अनुभवातून ओळखले होते.

भंडाऱ्यातल्या मतदारांनी अर्ज केला, निवडणूक न्यायाधिकरणाने निवडणूक रद्द ठरवली आणि जसानी सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचे युक्तिवाद वाचण्यासारखे आहेत. कँटीन स्टोअर्स म्हणजे सरकार नव्हेच. करार राष्ट्रपतींच्या नावाने, घटनेतल्या नमुन्यात झालेला नाही, म्हणून तो कायद्याच्या दृष्टीने करारच नाही. आणि माल तर पोहोचला आहे, मग करार उरला कुठे?

फेब्रुवारी १९५४मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकालपत्र लिहिले. हे बोस पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. ही माती त्यांना अपरिचित नव्हती. त्यांनी तीनही मुद्दे फेटाळले. करार नमुन्यात नसला तरी व्यवहार खरा आहे, आणि अपात्रतेच्या कायद्याला खऱ्या व्यवहाराशी कर्तव्य आहे. माल पोहोचला म्हणून करार संपत नाही; पैसे चुकते होईपर्यंत तो जिवंत राहतो. कर्तव्य आणि स्वार्थ यांची टक्कर होऊ नये, हा कायद्याचा हेतू, आणि ज्याचे पैसे सरकारकडे थकलेले आहेत त्याच्या मनात ती टक्कर असणारच.

याच निकालाचा दुसरा भाग अधिक खोल आहे. राखीव जागेसाठी गंगाराम थावरे यांनी अर्ज भरला होता. ते जन्माने महार, पण महानुभाव पंथात गेलेले. ‘आता तुम्ही महार राहिला नाहीत’ असे म्हणून अर्ज नाकारण्यात आला. न्यायालयाने तीन प्रश्न विचारले : जुन्या समाजाने त्यांना बाहेर काढले का? त्यांचा स्वतःचा इरादा काय होता? नव्या पंथाचे नियम काय सांगतात? तिन्हींची उत्तरे पाहता थावरे महारच राहिले होते. अर्ज चुकीने नाकारला गेला, म्हणून संपूर्ण निवडणूक रद्द. दोन्ही जागा रिकाम्या झाल्या.

चक्रधरस्वामींच्या पंथाने सातशे वर्षांपूर्वी जातिभेद नाकारला होता. त्या पंथात जाऊनही जात सुटत नाही, हे १९५४ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला पुराव्यानिशी मान्य करावे लागले. निकाल थावरेंच्या बाजूचा होता. समाजाविषयी तो काय सांगतो ते वेगळे.

रिकाम्या झालेल्या राखीव जागेसाठी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे बाबासाहेब उभे राहिले. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. हे दोघे पूर्वीही एकत्र लढले आणि एकत्र हरले होते. १९५२ साली उत्तर मुंबई मतदारसंघात राखीव जागेवर बाबासाहेबांना काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरवले होते. तिथे ७४,३३३ मते बाद झाली होती.

इतकी मते बाद कशी होतात? इथे द्विसदस्यीय मतदानाची यंत्रणा समजून घ्यावी लागेल; वाचकांपैकी जे डावपेचांचे गेम खेळतात, त्यांना ती लगेच उमगेल. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नाहीत. दिलीच तर एक मोजले जाते, दुसरे बाद. आता समजा, माझा एकच उमेदवार आहे. माझे दुसरे मत मी इतर कोणाला दिले, तर कदाचित मी त्याच्याच प्रतिस्पर्ध्याला बळ देतो. त्यापेक्षा ते वाया घालवावे हे बरे. मराठीत याला फार नेमका शब्द रूढ झाला : मत कुजवणे. मुंबईत कम्युनिस्टांनी, विशेषतः त्याच मतदारसंघात उभे असलेल्या डांग्यांनी, मते कुजवण्याचा प्रचार केला, असा आरोप करत आंबेडकर आणि मेहता यांनी एकत्र निवडणूक अर्ज केला होता. तो फेटाळला गेला.

इथे ‘डावे’ हा शब्द जपून वापरायला हवा. फेडरेशनच्या १९५१च्या जाहीरनाम्याने हिंदू महासभेशी जशी युती नाकारली, तशीच कम्युनिस्टांशीही नाकारली होती. समाजवाद्यांशी मात्र हात मिळवला होता. खुद्द समाजवाद्यांतही एकवाक्यता नव्हती. जून १९५३मध्ये याच मध्य प्रदेशातल्या बैतूल येथील अधिवेशनात अशोक मेहतांनी मांडले की, मागासलेल्या अर्थव्यवस्थेत विरोधी पक्षाने सरकारशी सहकार्याची क्षेत्रे शोधली पाहिजेत. लोहियांना हे मुळीच मान्य नव्हते. आणि त्यानंतर वर्षभराच्या आत मेहता काँग्रेसविरुद्ध भंडाऱ्यात उभे होते. सहकार्याचा सिद्धांत आणि विरोधाची उमेदवारी एकाच माणसाच्या खिशात.

बाबासाहेबांनी प्रचारात नेहरूंच्या कारभारावर, विशेषतः परराष्ट्र धोरणावर, सडकून टीका केली. ते तेव्हा राज्यसभेत होतेच. सभागृहात बसण्याची सोय नव्हती म्हणून ते भंडाऱ्याला आलेले नव्हते. लोकांनी थेट निवडून दिलेल्या सभागृहात लोकांच्या मताने बसण्याचा तो प्रयत्न होता.

आंबेडकरी चळवळीच्या आठवणींत एक प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. कार्यकर्त्यांनी सुचवले की, आपल्या लोकांना दुसरे मत कुजवायला सांगू. मग विजय सोपा आहे. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने मताचा अधिकार घटनेत लिहिला, तो ते वाया घालवा असे सांगणार नाही, दुसरे मत मेहतांनाच द्या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय सांगतात.

निकाल असा लागला. अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले; बाबासाहेब आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरले.

पेट्यांमधल्या चिठ्ठ्यांवर मतदाराची खूण नसे. म्हणून कोणी कोणाला दुसरे मत दिले, हे आकड्यांतून थेट सिद्ध करता येत नाही. पण दोन मित्रपक्षांपैकी एक सर्वसाधारण जागा जिंकतो, दुसरा राखीव जागा हरतो, आणि मतदार तेच असतात, तेव्हा अनुमान टाळता येत नाही : मेहतांना मत देणाऱ्यांपैकी पुरेशा लोकांचे दुसरे मत आंबेडकरांच्या पेटीत पडले नाही. फेडरेशनच्या मतदाराने युतीचा शब्द पाळला. समाजवाद्यांच्या सवर्ण मतदाराने तो तितका पाळला नाही. सरकारी कंत्राट आणि कायदेमंडळ यांचे साटेलोटे समाजवाद्यांना स्पष्ट दिसत होते, त्यासाठी त्यांच्याकडे शब्द होते, ठराव होते. स्वतःच्या मतदाराच्या हातातली दुसरी चिठ्ठी कुठे जाते, हे पाहण्याची दृष्टी मात्र त्यांच्या सिद्धांतात नव्हती. वर्गाची भाषा जातीपाशी येऊन अडखळते, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला त्या दशकात दिसत नाही.

बाबासाहेबांची ही शेवटची निवडणूक. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. पंथ बदलूनही थावरे अनुसूचित जातीचेच राहिले होते; बौद्ध झालेल्यांसाठी मात्र १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने केंद्रातला तो दर्जा बंद झाला, आणि तो परत मिळायला १९९० साल उजाडावे लागले. राखीव जागेच्या मतपेटीपर्यंत पोहोचण्याचा रस्ता कोणासाठी उघडा आणि कोणासाठी बंद, हे सरकार एका आदेशाने ठरवू शकत होते.

अशोक मेहता १९५७ साली बिहारमधल्या मुझफ्फरपूरहून लोकसभेत गेले, १९६३ साली नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि पुढे काँग्रेसमध्येच दाखल झाले. बैतूलचा सिद्धांत त्यांनी अखेर स्वतःच्या आयुष्यात शेवटपर्यंत नेला. द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१च्या कायद्याने संपले आणि मत कुजवण्याचा डावही त्यांच्याबरोबर गेला.

राहता राहिला विडीचा करार. १९६६ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ९-अ आले. कंत्राटदाराची अपात्रता त्यात कायम आहे. पण त्याखाली एक स्पष्टीकरण जोडलेले आहे : कंत्राटदाराने आपल्या वाट्याचे काम पूर्ण केले असेल, तर केवळ सरकारने आपल्या वाट्याची पूर्तता केली नाही एवढ्यावरून करार अस्तित्वात आहे असे मानू नये. भंडाऱ्याच्या निकालाने जे दार लावले होते, त्याची कडी संसदेने एवढ्या एका वाक्याने काढली.